एका जागेसाठी

मंदी आली तेव्हा वैशाली देगलूरकरला वाटलं होतं, आता आपलं काम सोपं होईल. कंपन्यांना माणसं शोधून देणं हे तिचं काम, आणि हैदराबादेत तर रोज माणसं मोकळी होत होती.

झालं उलटंच. एका जागेची जाहिरात टाकली की दुसऱ्या दिवशी अर्जांचा ढीग पडलेला असायचा. औषधाच्या कारखान्यातल्या जागेसाठी सॉफ्टवेअरवाले अर्ज करायचे, तासिकेवरचे प्राध्यापक करायचे, विमा कंपनीतून काढलेले करायचे. सगळ्यांचं म्हणणं एकच, "मॅडम, शिकून घेईन." नाही म्हटलं तरी काहीजण पुन्हा फोन करायचे. एक वयस्कर गृहस्थ दर सोमवारी करायचे. काही निघालं का विचारायचे, आणि नाही म्हटलं की तिलाच धीर द्यायचे, "असू द्या मॅडम, तुम्ही तरी काय करणार."

ज्यांना काम येत होतं ते मात्र जागचे हलत नव्हते. नव्या ठिकाणी जायचं म्हणजे सगळ्यांत शेवटी आलेला माणूस व्हायचं, आणि कपात आली की कात्री आधी त्याच्यावर. हे वैशालीला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. तिच्या एजन्सीने बेगमपेठचं ऑफिस सोडलं होतं आणि तिथल्या सगळ्यांना घरी बसवलं होतं. ती एकटी उरली, कारण औषध कंपन्यांत तिची ओळख होती.

आता ती तारनाक्यातल्या फ्लॅटमधून काम करायची. फ्लॅट आईवडिलांचा. वडील रेल्वेच्या शाळेत शिकवायचे, ते जाऊन बरीच वर्षं झाली होती. आई गेल्या पावसाळ्यात गेली. लग्न आईच्या आजारपणात आधी लांबलं आणि मग विषयच निघेनासा झाला. जेवणाच्या टेबलाच्या एका टोकाला लॅपटॉप, दुसऱ्या टोकाला ताट. दिवसभर इंग्रजी, हिंदी, तेलुगू बोलून घसा बसायचा आणि संध्याकाळी भाजी चिरताना लक्षात यायचं, की आज आपण मराठीत एक शब्द बोललो नाही. आई होती तोवर भांडायला तरी मराठी लागायची.

डिसेंबरात शामीरपेठकडच्या एका औषध कंपनीने तिला एक जागा भरायला दिली. इंजेक्शनच्या बाटल्या निर्जंतुक करणाऱ्या विभागाला प्रमुख हवा होता. नुसतं यंत्र चालवणारा नको, यंत्र खरोखर जंतू मारतंय की नाही ते तपासून त्याखाली सही करणारा हवा. परदेशातून तपासनीस आले तर त्यांच्यासमोर उभा राहणारा. बंगळूरला बसणाऱ्या तिच्या साहेबाने फोनवर सांगितलं, "वैशाली, या तिमाहीत तुझ्याकडे ही एकच जागा आहे." पुढचं तो बोलला नाही, पण तिला ऐकू आलं.

अर्जांतून तिने जमतील तेवढ्या लोकांशी बोलून घेतलं. एकही बसत नव्हता. शेवटी नापास झालेल्या एका मुलानेच प्रामाणिकपणे सांगितलं, "मॅडम, माझ्या आधीच्या कारखान्यात त्रिवेणी बिरादार म्हणून आहेत. मला जेवढं येतं ते त्यांनीच शिकवलं. तुम्हाला त्या हव्यात."

वैशालीने फोन लावला आणि नेहमीसारखी इंग्रजीत सुरुवात केली. पलीकडून "वन मिनिट" असं आलं आणि मग फोनपासून लांब तोंड करून कुणाला तरी सांगितलेलं ऐकू आलं, "निशी, दुधावर झाकण ठेव गं, मी फोनवर बोलायलेय."

"तुम्ही मराठी का?" वैशालीने विचारलं.

"हौ. तुम्ही पण? मग इंग्रजीत कशाला दमवायलात मला?"

वैशाली हसली. आपलं हसणं तिला स्वतःलाच अनोळखी वाटलं. मग तिने जागेबद्दल सांगितलं. पलीकडच्या बाईने सगळं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाली, "ताई, काम चांगलं आहे, मी नाही म्हणत नाही. पण आमचे हे सॉफ्टवेअरमध्ये होते, दिवाळीच्या आधी त्यांना काढलं. आता घरात माझाच पगार. अशात मी जागा सोडू? नक्को."

नक्को म्हटल्यावर सोडून द्यायचं नसतं, हे वैशालीला या धंद्याने शिकवलं होतं. तिने आठवड्याने पुन्हा फोन केला, मग पुन्हा. त्रिवेणी चिडली नाही. तिची दुसरी पाळी असली की ती दुपारी कंपनीच्या बसची वाट बघत उभी असायची आणि तेवढ्या वेळात बोलायची. पहिल्यांदा बोलणं जागेचं असायचं. मग त्रिवेणीने पाळ्यांचं सांगितलं. मुलगी शाळेतून यायची तेव्हा आई निघून गेलेली, आई परतायची तेव्हा मुलगी झोपलेली. "एका घरात राहतो ताई, पण आमची भेट रविवारी होते," ती म्हणाली. वैशालीने आईच्या शेवटच्या दिवसांचं सांगितलं. आई तिला ओळखेनाशी झाली होती आणि 'बाई, तुम्ही घरी जा, तुमची माणसं वाट बघत असतील' असं म्हणायची. हे तिने आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. लांब राहणाऱ्या भावालाही नाही. पलीकडून बसचा हॉर्न आला, आणि त्रिवेणी म्हणाली, "बस आली ताई. पण उद्या फोन करा, हौ?"

हळूहळू असं झालं की दुपार झाली की वैशाली बाकीचे फोन लवकर आटपायची. कधी त्रिवेणीची पाळी बदललेली असायची आणि बोलणं व्हायचं नाही. त्या दिवशी ती उगीच गॅलरीत जाऊन उभी राहायची.

जानेवारीत नामपल्लीच्या मैदानावर दरवर्षीचं मोठं प्रदर्शन, नुमाईश, भरली तेव्हा त्या पहिल्यांदा भेटल्या. त्रिवेणी मुलीला घेऊन आली होती. आवाजावरून वैशालीने उंच, दणकट बाई डोळ्यांसमोर आणली होती, प्रत्यक्षात ती बुटकी, चष्मा लावणारी, भराभर चालणारी निघाली. निशिगंधा पाळण्याच्या रांगेत गेली आणि या दोघी मिर्चीभजी घेऊन एका ओट्यावर टेकल्या. लाऊडस्पीकरवर कुणाचं तरी हरवलेलं मूल पुकारत होते.

"ताई, एक विचारू? खरं सांगा," त्रिवेणी म्हणाली. "नोकरीचं सोडा. तुम्ही माझ्या जागी असता तर काय केलं असतं?"

"मी गेले असते," वैशाली म्हणाली.

तिने लबाडी केली नव्हती. ही जागा त्रिवेणीचीच आहे असं तिला मनापासून वाटत होतं. दिवसाची नोकरी, हाताखाली माणसं, तिने शिकवलेली पोरं तिच्या वर चढून बसणार नाहीत अशी खुर्ची. त्या जागेवर वैशालीची स्वतःची नोकरीही टांगलेली होती, पण त्या क्षणी ते तिच्या मनात नव्हतं. मनात एवढंच होतं की कुणीतरी आपल्याला, आपल्याला म्हणून, काही विचारतंय.

त्रिवेणीने कागदाला हात पुसले. "मग देते मुलाखत," ती म्हणाली.

मुलाखती झाल्या. कंपनीचे मनुष्यबळ अधिकारी नरसिंग राव खूश होऊन म्हणाले, "मॅडम, हीरा लाए आप." नेमणुकीचं पत्र आलं. त्रिवेणीने राजीनामा दिला. जुन्या कंपनीत दोन महिने भरून द्यायचे होते, म्हणून रुजू व्हायची तारीख पाडव्यानंतरची ठरली.

पाडव्याला तिने वैशालीला जेवायला बोलावलं. गौलीगुड्यात, जुन्या बसस्टँडच्या मागच्या गल्लीत, खाली दुकान आणि वर घर होतं. दुकान सासऱ्यांचं, दोरखंडाचं आणि ताडपत्रीचं. आता भाड्याने दिलेलं. गॅलरीत गुढी उभी होती आणि खालच्या गाड्यांच्या हॉर्नने तिच्यावरची साखरेची माळ थरथरत होती, असं निशिगंधा म्हणत होती. सासरे हिम्मतराव उदगीरकडचे, हैदराबादेत येऊन म्हातारे झालेले. त्यांनी वैशालीला आडनाव विचारलं.

"देगलूरकर? मग आमच्या शेजारच्याच की! देगलूरला कोण आहे तुमचं?"

"कुणी नाही. मी देगलूर पाहिलंसुद्धा नाही."

"असं कसं? एकदा जाऊन या. आपलं गाव बघून ठेवावं माणसानं." मग ते सुनेकडे बघून म्हणाले, "पोरीला दिवसाची नोकरी मिळायलीय तुमच्यामुळं. लई बरं झालं."

शिवराजने, त्रिवेणीच्या नवऱ्याने, वाढायला घेतलं. घरी बसल्यापासून तो स्वयंपाक शिकला होता आणि आपल्या पुरणपोळ्यांचं कौतुक त्याने स्वतःच करून घेतलं. वैशालीला आग्रह होत होता. कुणीतरी आपल्या ताटाकडे लक्ष ठेवतंय याची तिला सवय राहिली नव्हती. तिने नको नको म्हणत तीन पोळ्या खाल्ल्या. निघताना त्रिवेणीने डबा भरून दिला आणि जिन्यात म्हणाली, "डबा परत द्यायला या, फोनवर आटपू नका." मेट्रोत वैशालीने डबा मांडीवर धरला होता. तो अजून कोमट होता.

पुढच्याच आठवड्यात नरसिंग रावांचा फोन आला.

"मॅडम, वो बिरादार मॅडम का... होल्ड पे डालना पडेगा."

"होल्ड मतलब? चार दिन में जॉइनिंग है. उन्होंने रिझाइन कर दिया."

"मालूम है. ऊपर से आया. पूरी भरती बंद. क्या करना बोलो, मेरी नौकरी काच पता नहीं है."

वैशालीने वाद घातला. आवाज चढवला, मग विनवण्या केल्या. नरसिंग राव सगळं ऐकून घेत होते, आणि ते ऐकून घेत होते त्यावरूनच कळत होतं की त्यांच्या हातात काही नाही. तिने बंगळूरला फोन लावला. साहेब म्हणाला, "कंपनीकडून मेल जाईल. तू मध्ये पडू नकोस. आणि लेखी काही देऊ नकोस."

"मेल वाचून कळणार तिला?"

"वैशाली, ती उमेदवार आहे. तुझी नातेवाईक नाही."

ती उठली, तोंड धुतलं, साडी बदलली आणि गौलीगुड्याला निघाली. वाटेत तिने वाक्यं जुळवली. नोकरी नाकारल्याचं कसं सांगायचं हे तिच्याइतकं कुणाला माहीत नव्हतं. आधी चांगलं बोलायचं, मग बातमी, मग पुढच्यासाठी शुभेच्छा. जिना चढताना त्यातलं काहीच उरलं नाही.

दार शिवराजने उघडलं. "या ताई! डबा आणला का?" असं तो हसत म्हणाला, आणि मग तिचा चेहरा बघून बाजूला झाला.

त्रिवेणी पलंगावर कपड्यांच्या घड्या घालत होती. जुन्या कंपनीतला तिचा शेवटचा दिवस होऊन गेला होता. नव्या नोकरीसाठी घेतलेले दोन ड्रेस खुर्चीच्या पाठीवर टाकलेले होते. वैशालीने उभ्याउभ्याच सांगितलं. सांगायला फार वेळ लागला नाही.

"तुम्हाला कधी कळलं?" त्रिवेणीने विचारलं.

"आत्ता दुपारी. लगेच निघाले."

त्रिवेणीने हातातली ओढणी घडी करून ठेवली. पुढची उचलली, तीही घडी केली. शिवराजचा मात्र आवाज फुटला.

"तुमचं काय गेलं? कमिशन मिळालं असेल. ती नको म्हणत होती. दहा वेळा नको म्हणाली. तुम्ही रोज फोन करून करून..."

"कमिशन रुजू झाल्यावर मिळतं," वैशाली म्हणाली, आणि हे सांगायला नको होतं असं तिला लगेच वाटलं.

"अहो, गप्प बसा तुम्ही," त्रिवेणी नवऱ्याला म्हणाली. मग तिने वैशालीकडे पाहिलं. तिच्या आवाजात राग नव्हता, म्हणूनच ते जास्त लागलं. "नुमाईशीत मी तुम्हाला विचारलं होतं. तुम्ही म्हणालात, मी गेले असते. मला ते तेव्हाच कळायला पाहिजे होतं, ताई. तुम्ही जाल की. तुमच्यामागं कोण आहे?"

आतल्या खोलीत हिम्मतरावांचा टीव्ही चालू होता. कुणीतरी तो बंद केला. वैशाली म्हणाली, "मी काहीतरी करते," आणि जिना उतरली.

तिने खरंच केलं. दुसऱ्या दिवशी ती त्रिवेणीच्या पाटणचेरूकडच्या जुन्या कारखान्यात गेली. तिथल्या व्यवस्थापकाने तिला चहा पाजला आणि दार लावून घेतलं. "तुम्ही आलात म्हणून खरं सांगतो," तो म्हणाला. "आम्हाला एक जागा कमी करायचीच होती. कुणाला काढायचं यावर आम्ही महिनाभर अडलो होतो. बिरादार मॅडमनी राजीनामा दिला आणि आमचा प्रश्न सुटला. आता ती जागाच नाही."

मग ती फोनला बसली. आजवर ती जागेसाठी माणूस शोधत आली होती, आता माणसासाठी जागा शोधत होती. ज्यांनी एके काळी तिचा फोन पहिल्या घंटीला उचलला, ते आता मीटिंगमध्ये असायचे. "प्रोफाइल उत्तम आहे, ठेवून घेतो." "काही निघालं तर पहिला फोन तुम्हाला." ही वाक्यं तिच्याच तोंडची होती. ती ऐकताना माणसाचा हात फोनवर कसा घट्ट होतो, ते तिला आता कळत होतं. सोमवारी त्या वयस्कर गृहस्थांचा फोन आला तेव्हा तिने त्यांना पहिल्यांदाच विचारलं, "जेवलात का?" ते गडबडले. म्हणाले, "हो, म्हणजे, जेवीन."

उन्हाळा चांगलाच तापला होता तेव्हा मलकपेठच्या एका मोठ्या खासगी दवाखान्यात धागा लागला. शस्त्रक्रियेची हत्यारं जिथे निर्जंतुक होतात त्या विभागाला जाणकार माणूस हवा होता. तिथल्या मेट्रन कविता मॅडमनी त्रिवेणीची माहिती वाचली आणि चष्मा काढून ठेवला. "एवढ्या मोठ्या कारखान्यातली बाई आमच्याकडे कशाला टिकेल? परिस्थिती सुधारली की जाईल."

"टिकेल," असं वैशालीच्या जिभेवर आलं होतं. ती थांबली. "ते मला माहीत नाही," ती म्हणाली. "तिला काम येतं, एवढं माहीत आहे. आणि तुमच्याकडे दिवसाची पाळी आहे. तिला मुलगी आहे."

मेट्रनने तिच्याकडे जरा रोखून पाहिलं. "पाठवा," ती म्हणाली.

त्रिवेणीने फोन उचलला नाही. दुसऱ्यांदाही नाही. शेवटी वैशालीने शिवराजला लावला. त्याने ऐकून घेतलं, पत्ता लिहून घेतला. "सांगतो तिला," तो म्हणाला, आणि फोन ठेवायच्या आधी थोडं थांबून, "त्या दिवशी मी जास्तच बोललो."

"नाही हो," वैशाली म्हणाली. एवढ्यावर दोघांचं बोलणं संपलं.

मेट्रनकडूनच तिला कळलं की त्रिवेणीला घेतलं. हुद्दा लहान होता, पगार आधीपेक्षा कमी, पण संध्याकाळी घरी. आठवड्याने त्रिवेणीचा निरोप फोनवर आला. इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं मराठी: "जॉईन झाले. काम बरं आहे. थँक्यू मॅडम."

वैशालीने तो निरोप पुन्हा पुन्हा वाचला. मॅडम. तिने मोठं उत्तर लिहिलं. डब्याबद्दल लिहिलं, मी कधी येऊ असं विचारलं, त्या दिवशीच्या बोलण्याबद्दल लिहायला घेतलं आणि कसं लिहायचं ते सुचेना. सगळं पुसून तिने "अभिनंदन" पाठवलं. डबा तिने कुरियरने पाठवायचं ठरवलं, मग ते बरं दिसणार नाही म्हणून राहू दिलं. शेवटी एका रविवारी ती स्वतः गेली. घर बंद होतं. खालच्या दुकानदाराने सांगितलं, सगळे उदगीरला लग्नाला गेलेत. तिने डबा त्याच्याजवळ ठेवला. डबा रिकामा देऊ नये म्हणून तिने त्यात शेवया घातल्या होत्या, तेवढं त्याला सांगितलं.

त्यानंतर कुणाचा फोन आला नाही, आणि तिनेही केला नाही.

जूनमध्ये साहेबाने नवी जागा दिली. एका कारखान्याला शीतगृहाचा प्रमुख हवा होता. पुन्हा ढीगभर अर्ज, पुन्हा त्यात कुणी नाही, आणि पुन्हा कुणाकडून तरी कळलेलं एक नाव. माणूस चांगल्या नोकरीत होता. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मॅडम, कंपनी पक्की आहे ना? मी सोडून आलो आणि त्यांनी नाही म्हटलं तर?"

"तसं होऊ शकतं," वैशाली म्हणाली. "माझ्या एका उमेदवाराचं झालंय. मी कंपनीला विचारीन, जे सांगतील ते तुम्हाला सांगीन. त्यापुढचं मला माहीत नाही."

"बरं झालं सांगितलंत," तो म्हणाला. "विचार करून कळवतो."

त्याने कळवलं नाही. साहेबाने दोनदा विचारलं, तिने दोनदा सांगितलं, शोधतेय.

संध्याकाळी ती दूध आणायला खाली उतरली. परतताना जिन्यात वरच्या मजल्यावरच्या लक्ष्मम्मा भेटल्या, हातात तुळशीला घालायच्या पाण्याचा तांब्या. "बागुन्नारा?" त्यांनी नेहमीसारखी तेलुगूत खुशाली विचारली, आणि उत्तरासाठी न थांबता दोन पायऱ्या वर गेल्या.

"बागुन्नानु," वैशाली म्हणाली. मग तिला वाटलं, आणखी काहीतरी बोलावं, पावसाबद्दल, पाण्याबद्दल, कशाबद्दलही. तोवर वरचं दार लागलं होतं. ती थोडा वेळ पिशवी धरून तिथेच उभी राहिली आणि मग आपल्या मजल्यावर गेली.